केडगावची वाट

पुणे स्थानकातून दौंडच्या दिशेने निघालेली गाडी हडपसर, लोणी, उरुळी, यवत ही स्थानके मागे टाकत पूर्वेकडे सरकते, तसतसे डोंगर दूर राहतात आणि कमी पावसाचा सपाट प्रदेश सुरू होतो. रुळांच्या कडेचा ऊस पाहताना एकेकाळच्या दुष्काळांची कल्पना प्रवाशाला सहजी येत नाही. तरीही केडगावला उतरून समाजसुधारक पंडिता रमाबाईंच्या, निराधार स्त्रियांसाठीच्या मुक्ती मिशनकडे जाणाऱ्याला ही कल्पना असणे आवश्यक आहे, कारण त्या संस्थेचा जन्मच दुष्काळातला आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली व स्त्रिया आणल्या, परंतु प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवणे अशक्य झाले; तेव्हा त्यांच्या शारदा सदनाला, म्हणजे विधवांसाठीच्या निवासी शाळेला, उत्पन्न मिळावे म्हणून केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर या मुली व स्त्रियांची तात्पुरती सोय करण्यात आली, आणि त्यातूनच मुक्ती मिशन उभे राहिले. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने रमाबाईंच्या कामासाठी दिलेल्या दहा वर्षांच्या मदतीची मुदत १८९८ मध्ये संपली, आणि १९०० च्या सुमारास तर येथे दीड हजारांच्या आसपास माणसे राहत होती. येथून पुढे मुक्तीचे काम प्रामुख्याने 'विश्वासाने' चालले, म्हणजे निश्चित उत्पन्नाची हमी नसताना गरज प्रार्थनेत देवापुढे मांडून आणि त्याच वेळी विहिरी खणून, शेती करून, मुलींना हातचे काम शिकवून. भाविक लेखनात या काळातील प्रार्थनांचाच गाजावाजा अधिक होतो आणि विहिरी मागे पडतात, हे रमाबाईंवर अन्याय करणारे आहे.

या विश्वासामागे मोठी वाटचाल होती. रमाबाईंचे आईवडील व थोरली बहीण पूर्वीच्या एका दुष्काळात गेली, १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती गेले. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेश देणारा जलसंस्कार घेतला. मात्र पुढे लिहिलेल्या साक्षीत, म्हणजे देवाने आपल्या जीवनात काय केले याच्या निवेदनात, त्यांनी स्पष्ट सांगितले की ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावरही ख्रिस्त त्यांना गवसला नव्हता. आठेक वर्षांनी सिद्धान्तांवरची दृष्टी येशूच्या व्यक्तित्वावर स्थिरावली, तेव्हा त्यांना समाधान लाभले.

संकटे मात्र त्यानंतरही थांबली नाहीत. हिब्रू आणि ग्रीक शिकून सामान्य स्त्रियांना कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर त्या करीत होत्या, आवारातील छापखान्यात तेथील स्त्रियाच खिळे जुळवीत होत्या, आणि अशातच १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. रमाबाईंनी हातातले भाषांतर सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

मुक्ती मिशन आजही निराधार स्त्रिया व मुलांचे राहते घर आहे. म्हणून केडगावला जाणाऱ्यांनी ते प्रेक्षणीय स्थळ न मानता आधी परवानगी घ्यावी आणि रहिवाशांची छायाचित्रे काढू नयेत.