साथीला कोण आहे?

अण्णा आयुष्यभर कीर्तनाला पेटीची साथ करत आले. गावच्या देवळातली रामनवमी, दत्तजयंती, चातुर्मासातली कीर्तनं. बुवा बदलत, पेटीवर अण्णाच. दुसरीकडे कुठे गाणं ऐकायला जायचं ठरलं, की गाणार कोण हे ते मागाहून विचारत. आधी विचारत, "साथीला कोण आहे?"

मागच्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते माझ्याकडे पुण्याला आले. काही दिवस काळा चष्मा, टीव्ही नाही, वाचन नाही. एका संध्याकाळी ऑफिसचं काम आवरून मी 'रेड डेड रिडेम्प्शन' हा व्हिडिओ गेम लावून बसले, तेव्हा ते दिवाणावर डोळे मिटून पडले होते. त्यांना त्रास नको म्हणून मी आवाज कमी करायला गेले.

"राहू दे," ते म्हणाले. मग अर्धा तास काही बोलले नाहीत. मला वाटलं, झोपले. तेवढ्यात डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "अगं, याच्या साथीला कोण आहे?"

मला प्रश्नच कळला नाही.

"तिथे काय चाललंय ते मला दिसत नाही. पण तू घोडा उभा केलास की वाजवणारा हात आखडता घेतो. मघाशी दौडत निघालीस, तर त्याने लगेच खालून खर्ज भरला. बंदुका सुरू झाल्या, तसा ठेका आला. हे आधी बसवून ठेवलेलं वाजणं नव्हे. तुझ्याकडे बघत बघत वाजवतोय तो."

वीस-बावीस वर्षं मी व्हिडिओ गेम खेळते आहे आणि त्यांच्या संगीतावर माझा जीव आहे. पण तो का जडला, हे मला कुणाला नीट सांगता आलं नव्हतं. सिनेमासारखं भव्य असतं, एवढंच मी सांगत असे. भव्य ते असतंच. शंभर वाद्यांचा मेळ असतो, समूहस्वर असतात, कान तृप्त होतात. पण भव्यता सिनेमातही मिळते. इथे मिळतं ते वेगळं असतं, आणि अण्णांनी ते पडद्याकडे न बघता ओळखलं.

सिनेमाच्या संगीतकाराच्या हाती संकलन झालेली रिळं येतात. नायिका कितव्या सेकंदाला वळून बघणार, हे ठरलेलं असतं. त्या सेकंदावर सारंगी ठेवायची की शांतता, एवढंच त्याने ठरवायचं. गेमच्या संगीतकाराला मात्र माझ्याबद्दल काहीही माहीत नसतं. समोरचं दार मी तीन सेकंदांत उघडेन की तीन दिवसांनी? कदाचित मी कुकर बंद करायला उठेन आणि माझा घोडेस्वार माळावर दहा मिनिटं तसाच ताटकळेल. तरी सूर तुटता कामा नये. म्हणून तो एक सलग रचना लिहीत नाही. तो तुकडे लिहितो, एकावर एक चढणारे थर लिहितो. कोणता थर कधी उचलायचा आणि कधी खाली ठेवायचा, हे यंत्राने माझ्या हालचालीवरून ठरवायचं.

२०१० साली आलेल्या 'रेड डेड रिडेम्प्शन'चं संगीत बिल एल्म आणि वूडी जॅक्सन यांनी केलं. कथा १९११ सालची, अमेरिका आणि मेक्सिकोच्या सरहद्दीवरची. त्यांनी जवळजवळ सगळं संगीत एकाच पट्टीत, ए मायनरमध्ये, आणि मिनिटाला १३० ठोक्यांच्या एकाच लयीत ध्वनिमुद्रित केलं. कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्याला जोडता यावा, यासाठी. मी हे सांगितलं, तसे अण्णा उठूनच बसले. "मग बरोबर! बुवांची काळी दोन एकदा धरली की साकीतून दिंडीत, दिंडीतून अभंगात, कुठूनही कुठेही जाता येतं. बुवा कुठे वळणार हे आपल्याला थोडंच ठाऊक असतं? पट्टी सोडायची नाही, मग कुठेही वळू देत."

त्याच गेममधला एक प्रसंग मी त्यांना मुद्दाम ऐकवला. नायक जॉन मार्स्टन नदी ओलांडून मेक्सिकोत येतो. तराफ्यावरची चकमक संपलेली असते. तो घोड्यावर बसतो, समोर लाल डोंगर आणि ओसाड रस्ता, आणि अचानक एक माणूस गिटारवर गाऊ लागतो. स्वीडनचा होसे गोन्सालेस, गाणं 'फार अवे'. तोवर कित्येक तास नुसती वाद्यंच सोबत असतात. त्यामुळे तो पहिला मानवी आवाज अंगावर येतो. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मला कुठेतरी पोचायचं होतं, नकाशावर खूण होती. मी लगाम ओढला आणि घोडा चालीवर आणला. गाणं संपेपर्यंत मला पोचायचं नव्हतं. पुढे ते गाणं मी मोबाइलवर शंभरदा ऐकलं असेल. गाणं तेच, आवाज तोच. पण तिथे ते मी लावलेलं नव्हतं, ते माझ्या वाटेवर आपण होऊन आलं होतं.

हे काही महागड्या यंत्रांचं कौतुक नाही. १९७८ सालच्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये खाली उतरणारे चारच खर्जातले स्वर होते. परग्रहावरचे शत्रू कमी होत, तसे ते भराभर वाजत. तेवढ्यावर छाती धडधडायची. आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला गेम गावात एकाच घरी होता. मारिओचा वेळ शंभराच्या खाली गेला, की कोजी कोंदो यांची ती उड्या मारणारी धून एकदम पळत सुटे आणि आम्ही चौघं-पाच जण श्वास रोखून पुढे सरकत असू. द्रुत लय म्हणजे काय, ते मी अण्णांच्या पेटीआधी तिथे शिकले.

पण साथीची खरी कसोटी न वाजवण्यात असते, असं अण्णा म्हणतात. बुवा आख्यानात गुंगले आहेत, सभा स्तब्ध आहे, तेव्हा हात पेटीवरून उचलून ठेवायला धाडस लागतं. हे धाडस मी 'शॅडो ऑफ द कोलोसस'मध्ये पाहिलं. २००५ सालचा हा गेम, संगीत को ओतानी यांचं. एक तरुण एका मृत मुलीला निषिद्ध भूमीतल्या देवळात आणतो. तिला परत जिवंत करायचं, तर त्या भूमीतले सोळा महाकाय प्राणी मारायचे, असा करार. त्या प्राण्यांकडे घोड्यावरून जाताना संगीत नसतंच. वारा असतो, टापा असतात, कधी दूरवर एखादा पक्षी. मैलोगणिक काही नाही. प्राणी समोर उभा राहिला की वाद्यं जागी होतात. त्याच्या केसाळ अंगाला धरून वर चढू लागलो की ती चेव आणतात. आणि मग शेवटचा वार बसतो. डोंगराएवढा तो देह ढासळतो. इतर कुठल्याही गेममध्ये इथे तुताऱ्या वाजतील. इथे वाजतो तो शोक. संथ, खोल, एखाद्या थोर माणसाला निरोप द्यावा तसा.

पहिल्या वेळी मी कंट्रोलर मांडीवर ठेवून नुसती बसून राहिले. गेममधलं कुणीही मला शब्दाने बोललं नव्हतं, तू चुकलीस असं कुणी म्हटलं नव्हतं. फक्त साथीदाराने मला हवा तो सूर दिला नाही. आणखी पंधरा प्राणी उरले होते. सिनेमात नायकाने हत्या केली असती तर मी त्याला दोष देऊन मोकळी झाले असते. इथे बटण माझ्या अंगठ्याखाली होतं, आणि म्हणून ते संगीत माझ्याशी बोलत होतं.

२०१८ सालच्या ऑक्टोबरात मी 'तुंबाड' बघायला गेले. राही अनिल बर्वे यांचा सिनेमा, मुळाशी नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा, नाव पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'ची आठवण देणारं. म्हणजे आमच्या कोकणाचा. तो न थांबणारा पाऊस, तो कुजत गेलेला वाडा, आणि खालून, जमिनीखालून आल्यासारखं पार्श्वसंगीत. श्रेयनामावलीत नाव आलं: येस्पर किड. मी खुर्चीत सरळ झाले. हा डेन्मार्कचा संगीतकार मला नऊ वर्षांपासून ओळखीचा होता, 'असॅसिन्स क्रीड २'मुळे. त्या गेमच्या सुरुवातीला १४७६ सालच्या फ्लॉरेन्समध्ये एझिओ आणि त्याचा एक भाऊ रात्री शर्यत लावून चर्चच्या माथ्यावर चढतात. खाली दिवे लागलेलं शहर. आपलं किती चांगलं चाललंय, असंच राहो, अशा अर्थाचं काहीतरी बोलतात आणि गप्प होतात. तेव्हा 'एझिओज फॅमिली' ही धून सुरू होते, एका स्त्रीच्या शब्दहीन आवाजात. पुढे एझिओचे वडील आणि दोन्ही भाऊ फासावर जातात. घरातल्या पुरुषांत एकटा एझिओ उरतो. त्यानंतर ती धून जिथे जिथे येते, तिथे तिथे ते छप्पर परत येतं. आमच्या कोकणातल्या पावसाला याच माणसाने सूर द्यावा, याचा मला झालेला आनंद मी थिएटरमधून बाहेर पडताना कुणाला सांगणार होते? शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी बाईंना सांगितलं. त्या हसल्या. चांगल्या हसल्या.

तसाच एक अनोळखी माणूस मला 'जर्नी'मध्ये भेटला होता. २०१२ सालचा, जेमतेम दोन तासांचा गेम. वाळवंट, दूरवर एक डोंगर, अंगावर तांबडा झगा आणि गळ्यात फडफडणारी पट्टी. ऑस्टिन विंटोरी यांच्या या संगीताला ग्रॅमीचं नामांकन मिळालं; गेमच्या संपूर्ण संगीताला असं नामांकन मिळण्याची ती पहिलीच वेळ. टिना ग्वो यांचा चेलो माझ्याबरोबर चालत होता. मधेच कुठूनतरी दुसरा प्रवासी आला, जगात कुठेतरी बसलेला खराखुरा कुणीतरी. त्याचं नाव दिसत नव्हतं, बोलता येत नव्हतं. फक्त एक नाजूक नाद काढता येत होता. बर्फात आम्ही एकमेकांना बिलगून चाललो. मी नाद काढला की तो काढी. चेलोची साथ, त्याची साथ. आपल्या भाषेत दोहोंना शब्द एकच आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

चष्मा उतरल्यावर, गावी परतायच्या आदल्या रात्री, अण्णा म्हणाले, "आता बघूनही ऐकू दे." मी 'द लास्ट ऑफ अस' लावला. २०१३ सालचा हा गेम, संगीत अर्जेंटिनाचे गुस्ताव्हो सांताओलाया यांचं. किरण राव यांच्या 'धोबी घाट'मधल्या मुंबईला सूर देणारे तेच. ऑस्करची दोन पारितोषिकं नावावर असूनही या माणसाला स्वरलेखन वाचता येत नाही. अण्णांनाही येत नाही. त्यामुळे त्यांना ते लगेच आपले वाटले. रोनरोको हे अँडीज पर्वतातलं लहानसं, दहा तारांचं वाद्य सांताओलायांच्या हातात असतं. या गेमसाठी त्यांनी काही वादन स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात बसून ध्वनिमुद्रित केलं, तिथल्या भिंतींचा घुमार हवा म्हणून. जग बुडालेलं, माणसं एकमेकांना मारणारी; आणि त्यावर हा घरातल्या भिंतींचा आवाज. मोठमोठ्या लढायांचं मोठमोठं संगीत मी विसरून गेले आहे. हे विसरले नाही.

मी सेव्ह केलेल्या जागेवरून पुढे गेले. सॉल्ट लेक सिटीची पडकी इमारत. चौदा वर्षांची एली एकदम धावत सुटते, जोएल मागोमाग. भिंतीच्या भगदाडातून एक जिराफ मान आत घालून वेलीची पानं खातो आहे.

"जिराफ आहे होय!" अण्णा पुढे सरकले.

मग दोघं गच्चीवर जातात. खाली गवत माजलेल्या मैदानात जिराफांचा कळप चालला आहे. इथे गेम काही मागत नाही. हवा तितका वेळ कठड्याला टेकून राहा; निघायचं असेल तेव्हा निघा. तारा हळूहळू विरत गेल्या. वारा राहिला, पाखरं राहिली.

"आता तो थांबलाय," अण्णा म्हणाले. "तू उठेस्तोवर थांबेल."

मी उठले नाही. पेटी गावाला होती. मी वळून पाहिलं तर अण्णा पडद्याकडे बघत होते, आणि चादरीवर त्यांचा डावा हात हलकेच पुढेमागे होत होता, भाता चालवावा तसा.