संक्रांतीला घर भरलंय, पण लक्ष कोणाचं आहे?



डिसेंबरचा शेवटचा आठवडा लागला की आमच्या खांदा कॉलनीत इमारतींखाली बाहेरगावच्या गाड्या दिसू लागतात. नाताळच्या सुट्टीत मुलं येतात, मग भोगी, संक्रांत आणि थेट रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू आणि बोरनहाणं. मधल्या एखाद्या रविवारी पेण-अलिबागकडे कोणाच्या तरी शेतावर पोपटी. आमचंच घर सांगते. दोन बेडरूमचा फ्लॅट आणि त्यात चार पिढ्यांची सतरा माणसं. सर्वांत मोठी ८६ वर्षांची आजी, सर्वांत धाकटं सात महिन्यांचं बाळ. हॉलभर गाद्या, बाथरूमसमोर रांग आणि गॅसवर सतत चहा. मला हे दिवस मनापासून आवडतात.

पण याच दिवसांत दवाखान्यात काही पेशंट असे येतात की मला विचारावंसं वाटतं, "घरी कोणी नव्हतं का?" उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: "डॉक्टर, घरात पंधरा माणसं होती!"

एरवी चार माणसांच्या घरात सगळं ठरलेलं असतं. आजोबांची गोळी सून देते, बाळाकडे आई बघते. घर भरलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरं कोणीतरी बघत असेल. आज त्याबद्दलच बोलूया.

बोरनहाण

पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभरे, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा ओतायच्या. आता त्यात गोळ्या-चॉकलेटंही आली. किती गोड सोहळा! पण यातल्या बऱ्याच वस्तू नेमक्या लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकतील अशा आकाराच्या असतात. मुलांच्या मागच्या दाढा यायला अडीच-तीन वर्षं लागतात आणि नीट चावण्याची सवय त्याहून उशिरा लागते. त्यात हसणं, पळणं आणि वेचायची घाई.

दोन वर्षांपूर्वी मी कळंबोलीला चुलतबहिणीकडे बोरनहाणाला गेले होते. खोली बायका-मुलांनी भरलेली. सव्वादोन वर्षांचा एक मुलगा अचानक गप्प झाला. खोकला नाही, रडणं नाही, ओठ निळसर. आईला वाटत होतं तो आत्याजवळ आहे, आत्याला वाटत होतं आजीजवळ आहे. मी त्याला मांडीवर पालथा घेऊन पाठीवर थापा मारल्या. चौथ्या थापेला बोर बाहेर पडलं. तो मोठ्यानं रडला तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

म्हणून हे लक्षात ठेवा:

- मूल जोरात खोकत असेल, रडत असेल तर त्याला खोकू द्या. खोकला हाच सर्वांत चांगला उपाय आहे.
- आवाज बंद झाला, श्वास घेता येत नसेल तर थांबू नका. एकानं १०८ ला फोन करावा, दुसऱ्यानं उपचार सुरू करावेत.
- एक वर्षाखालचं बाळ: हातावर पालथं, डोकं खाली, पाठीवर मधोमध पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाब. बाळाचं पोट दाबू नका.
- एक वर्षावरचं मूल: पुढे वाकवून पाठीवर पाच थापा. मग मागून मिठी घालून बेंबी आणि बरगड्यांच्या मधल्या भागात मूठ ठेवून आत आणि वर असे पाच झटके. वस्तू निघेपर्यंत हे आळीपाळीनं करा.
- मूल बेशुद्ध पडलं तर जमिनीवर उताणं ठेवून छाती दाबणं आणि तोंडानं श्वास देणं सुरू करा.
- वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नका. ती आणखी आत जाते.

ठसका लागून मूल नंतर बरं वाटलं, पण खोकला किंवा छातीतली घरघर राहिली, तर डॉक्टरांना ठसक्याची गोष्ट आवर्जून सांगा. शेंगदाणा साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही. ती माहिती फक्त तुमच्याकडेच असते.

बोरनहाण बंद करा असं मी म्हणत नाही. डोक्यावरून फुलांच्या पाकळ्या आणि चुरमुरे ओता, खाऊ बंद पुड्यांतून वाटा. बोरं, शेंगा, गोळ्या मोठ्या मुलांसाठी वेगळ्या ठेवा. फोटो झाला की हलव्याचे दागिने काढा, कारण चोखता चोखता हलव्याचे दाणे सुटतात.

गोळी आठला, जेवण साडेदहाला

पोपटीचं मडकं लावायचं, भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरायची, जाळ करायचा. हे कधीच वेळेवर होत नाही. आणि तीच खरी मजा असते. पण मधुमेहाचे काका सवयीनं आठ वाजता जेवणाआधीची गोळी घेऊन बसतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण लांबलं तर साखर खाली येते. घाम, थरथर, धडधड, मग गोंधळ आणि चिडचिड. अंधारात शेकोटीजवळ सगळे म्हणतात, "काका दमलेत, झोपू द्या." झोपू देऊ नका. साखर तपासा. ७० च्या खाली असेल, किंवा मशीनच नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

आणि तिळगूळ? गूळ साखरेपेक्षा मधुमेहाला चालतो, हा गैरसमज आहे. रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. एका लहान लाडवानं आभाळ कोसळत नाही. पण "आजोबा, माझ्याकडून एकच" असं म्हणणारे बारा जण असतात आणि लाडू मोजणारं कोणीच नसतं.

पाहुण्यांच्या पिशव्या

गावाहून आलेल्या आजी-आजोबांच्या औषधांची कापडी पिशवी कुठे असते? गादीशेजारी, जमिनीवर. रांगतं बाळ जिथे पोहोचतं, तिथेच. मधुमेहाची किंवा ब्लडप्रेशरची एखादी गोळीसुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. पाहुणे आले की पाणी देतानाच औषधांची पिशवी मागून घ्या आणि उंच कपाटात ठेवा. प्रत्येकाचा डबा वेगळा, वर नाव लिहिलेलं. सगळ्यांच्या पांढऱ्या गोळ्या सारख्याच दिसतात.

सर्दी आणि "आज गप्पच आहे"

नातवाची साधी सर्दी त्याला दोन दिवस छळते, पण आजीला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकते. सर्दी असलेल्यानं तान्ह्या बाळाचे आणि वयस्कर माणसांचे पापे घेऊ नयेत, हात वरचेवर धुवावेत. फ्लूच्या वार्षिक लसीबद्दल ज्येष्ठांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं. खोकल्यावर मध द्यायची पद्धत आहे, पण एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवूही नका.

वयस्कर माणसांना न्यूमोनियात ताप येईलच असं नाही. जेवण सुटणं, असंबद्ध बोलणं, नुसतं पडून राहणं हीच लक्षणं असू शकतात. गडबडीच्या घरात गप्प माणसाचा कोणालाच त्रास होत नाही, म्हणून ते लक्षात येत नाही. बाळांमध्ये श्वासाचा वेग पाहा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास शांत असतानाही मिनिटाला ५० किंवा जास्त असेल, किंवा छाती आत ओढली जात असेल, तर त्याच दिवशी दाखवा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तरीही तसंच.

मग करायचं काय?

फ्रिजवर एक कागद लावा आणि त्यावर नावं लिहा. "सगळ्यांनी लक्ष ठेवा" असं लिहू नका, नावच लिहा. आमच्या कागदावर यंदा असं आहे: आजीच्या गोळ्या – मोठा भाऊ. बाळ – दर तासाला पाळी बदलते, आणि पाळी संपली की बाळ पुढच्याच्या हातात देऊन "आता तुझ्याकडे" असं म्हणायचं. काकांचं जेवण – वहिनी. पंगत उशिरा असली तरी त्यांचं ताट वेळेवर. औषधांचं कपाट – मी. चौदा वर्षांच्या भाचीनं तिळगुळाचा हिशोब मागून घेतलाय, आणि आजोबा तिला घाबरून आहेत.

तुमच्या घरचा कागद आजच लिहा. तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि काही शंका असेल तर नक्की विचारा.