पाण्याचा ताळेबंद आणि गावाचा पुढारी

महाराष्ट्राचा बहुतांश मुलूख ज्या काळ्या कातळावर वसला आहे, त्याच्या पोटात पाण्याला जागा फार थोडी. वरच्या मुरमाड थरात आणि कातळाच्या सांध्याभेगांत जेवढे मुरेल, तेवढेच विहिरीला लाभते. महसुली दप्तरात जमीन गटागटांनी विभागलेली असली, तरी तिच्याखालचे पाणी सबंध पाणलोटाचे सामाईक असते, आणि ज्याची विंधनविहीर अधिक खोल त्याच्या शेताकडे ते निमूटपणे ओढले जाते. म्हणूनच गावाच्या पाण्याचे भवितव्य भूस्तराइतकेच पुढाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून असते, असे भूजलाच्या अभ्यासातून माझे ठाम मत झाले आहे.

नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे पर्जन्यच्छायेतले गाव. १९८९ साली पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. त्यानंतर डोंगरउतारावर समतल चर खोदले गेले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली गेली. अशी कामे सरकारी तजविजीने पुष्कळ गावांत झाली, आणि त्यांतल्या कित्येक गावांत उन्हाळ्यात टँकर फिरतच राहिले. हिवऱ्याचे वेगळेपण पुढच्या पायरीत आहे. पर्जन्यमापकावरील पावसाची नोंद आणि विहिरींची पातळी यांवरून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढून, उरलेल्यात रब्बीला काय पेरावे, हे मग ठरते. पाऊस तोकडा असेल तर गव्हाचे क्षेत्र घटते. ऊस, केळी आणि शेतीसाठी विंधनविहीर यांना तर मुळातच मनाई! ज्या बागायतदारांच्या मतांवर सरपंचकी तरते, त्यांच्याच हाताला ही मनाई बांध घालते, हे ध्यानी घेतले म्हणजे ती पाळून घेण्यास लागणाऱ्या नैतिक सामर्थ्याची कल्पना येते. गवत वाढले, दूधदुभते वाढले, गाव सोडून गेलेली कुटुंबे परतली, ते या संयमाच्या जोरावर.

याहूनही धाडसी विचार पुण्याचे उद्योजक-अभियंते विलासराव साळुंखे यांनी आधीच केला होता. १९७२ च्या दुष्काळाने व्यथित होऊन ते पुरंदर तालुक्यातील नायगावी गेले, देवस्थानची चाळीस एकर खडकाळ जमीन कराराने घेऊन त्यांनी तिच्यावर प्रयोग केले, आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचा दंडक असा, की पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने वाटावे: माणशी अर्ध्या एकराचे, कुटुंबास फार तर अडीच एकरांचे. उसाला पाणी नाही. जमीन विकली, तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्यालाही त्या पाण्यात वाटा. तो त्याने दुसऱ्याचे शेत बटाईने करून पिकवावा. सहकाराच्या या राज्यात भूमिहीनाला पाण्याचा धनी मानणारी इतकी स्पष्ट तरतूद मला अन्यत्र आढळलेली नाही.