तांबडी खार, करडी खार

रामानें पाठीवरून बोटें फिरविलीं आणि खारीच्या अंगावर पट्टे उमटले, ही कथा आपल्या घरांतील प्रत्येक मुलानें आजीच्या मांडीवर ऐकलेली असते. वाल्मीकींच्या रामायणांत ती नाहीं. पण म्हणून तिची गोडी कमी होत नाहीं. एक बारीकशी अडचण मात्र आहे. दक्षिणेकडील व कोंकणांतील दमट झाडींत वावरणाऱ्या खारीच्या पाठीवर तीन पट्टे असतात, तर उत्तरेकडील कोरड्या मुलुखांतील खारीच्या पाठीवर पांच. सेतु दक्षिणेस बांधला गेला, तेव्हां तीन बोटांचा पक्षच अधिक सबळ, असें माझें मत आहे!

अंगणांतली ही खार म्हणजेच अवघी खारजात, अशी आपली समजूत होऊन बसते. पण जगांत खारींच्या पावणेतीनशेंहून अधिक जाती आहेत. आपल्या भीमाशंकरच्या राईंतील शेकरू शेपटीसह जवळजवळ तीन फूट भरतें, आणि महाराष्ट्राच्या राज्यप्राण्याचा मान त्याचाच. उलट आफ्रिकेच्या जंगलांतील एक खार पंधरावीस ग्रॅमांतच आटोपते. उत्तर ध्रुवाकडे जमिनींत बिळें करून राहणारी एक खार हिवाळ्याचे सातआठ महिने निजून काढते. १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत तिच्या निद्रिस्त देहाचें तपमान शून्याखालीं २.९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरलेलें आढळलें, आणि तरीही तिचें रक्त गोठलें नव्हतें. सैबेरियांत कोलिमा नदीच्या कांठीं अशाच खारींच्या गोठलेल्या बिळांत सुमारें ३२,००० वर्षांपूर्वींचीं फळें सांपडलीं. त्यांतील पेशींपासून रशियन शास्त्रज्ञांनीं रोपें वाढविलीं आणि त्यांना पांढरीं फुलें आलीं, ही हकीकत २०१२ सालीं प्रसिद्ध झाली. बेगमीचें इतकें उशिरां सार्थक क्वचितच कोणाच्या वांट्यास आलें असेल.

पण ज्या खारीनें मला खरोखर विचारांत पाडलें ती इंग्लंडांतील. मुलगा लिव्हरपूलकडे नोकरीस असल्यामुळें त्या शहराच्या उत्तरेस, फॉर्म्बीच्या समुद्रकांठच्या पाइनच्या बनांत, नातवाबरोबर जाण्याचा योग आला. कानांवर केसांचे झुपके मिरविणारी तांबडी खार ही त्या देशाची मूळची रहिवासी. १८७६ सालीं एका धनिकानें चेशायर परगण्यांतील आपल्या उद्यानांत अमेरिकेंतील करड्या खारी हौसेनें सोडल्या. इतर जमीनदारांनींही तोच कित्ता गिरविला. त्या आणण्यास व पाळण्यास १९३७ सालीं कायद्यानें बंदी झाली, पण तोंवर हौसेचें संकटांत रूपांतर होऊन चुकलें होतें. आज ब्रिटनमध्यें करड्या खारी पंचवीस लाखांच्या वर, तर तांबड्या तीन लाखांच्याही आंत आहेत.

करडी खार तांबडीशीं भांडून तिला हांकलते, अशी पुष्कळांची कल्पना असते. तसें नाहीं. ती अंगानें थोर, कच्चीं फळेंही पचविणारी. तेव्हां तांबडीच्या तोंडचा घांस आधींच संपतो. शिवाय देवीसारख्या एका रोगाचे विषाणु ती अंगावर बाळगते, पण स्वतः आजारी पडत नाहीं. तांबडीला मात्र तो रोग पंधरवड्याच्या आंत नेतो. फॉर्म्बीच्या बनांत २००८ सालीं ही सांथ आली आणि दहापैकीं आठांहून अधिक खारी तींत गेल्या. पुढें वांचलेल्यांचा वंश पुन्हा वाढला, म्हणून आम्हांला दोन तरी दिसल्या.

वेल्सच्या किनाऱ्यालगतच्या अँगलसी बेटावर करड्या खारी पकडून मारण्याची मोहीम वर्षानुवर्षें चालविली, तेव्हां तेथें तांबड्यांची वस्ती पुन्हा भरली. नातवानें विचारलें, “आजोबा, करडीनें काय केलें होतें?” अहिंसेचे संस्कार झालेल्या मनाला हा प्रश्न सोपा नाहीं. तिला तेथें माणसानेंच नेली, हें खरें. पण तिला तशीच राहूं दिल्यास दुसरी निरपराध जात नाहींशी होते, हेंही तितकेंच खरें. ती मोहीम मला अयोग्य म्हणवत नाहीं. आणि करडीलाच कां दूषण द्यावें? आपली पांच पट्ट्यांची खार १८९८ सालीं ऑस्ट्रेलियांत पर्थ येथील प्राणिसंग्रहालयांत नेली गेली. तिचा वंश शहरांत पसरला, आणि रामानें कुरवाळलेल्या या जातीची तेथें गणना उपद्रवी प्राण्यांत होते!

आयर्लंडांत निराळेंच घडलें. मुंगसाच्या चणीचा पाइन मार्टेन नांवाचा शिकारी प्राणी तेथें पुन्हा वाढूं लागला, तशी मध्य भागांतून करडी खार हटली व तांबडी परतली. तांबडीची त्याच्याशीं हजारों वर्षांची ओळख. करडी मात्र त्याच्याविषयीं गाफील. २०१५ ते २०१७ या काळांत स्कॉटलंडांतून ५१ मार्टेन आणून वेल्सच्या अरण्यांत सोडण्यांत आले. नातवाला हा उपाय माणसांच्या सांपळ्यांपेक्षां पसंत पडला. करड्या खारीला त्यांत कांहीं फरक जाणवत असेल, असें मला वाटत नाहीं.