वर जायला जागा नसलेले पक्षी

समुद्रसपाटीवरून डोंगर चढू लागले की हवा दर किलोमीटरमागे सरासरी साडेसहा अंशांनी गार होत जाते. पाठ्यपुस्तकात हे एका वाक्यात संपते. वर जाणाऱ्या हवेवरील दाब कमी होतो, ती प्रसरण पावते आणि प्रसरणासाठी लागणारी ऊर्जा तिला स्वतःच्याच उष्णतेतून खर्च करावी लागते, म्हणून ती निवते. निवता निवता एका उंचीवर तिच्यातील बाष्पाचे थेंब होतात आणि तिथे ढगाचा तळ तयार होतो. हा तळ जिथे डोंगरउतारावर टेकतो आणि वर्षातील बराच काळ तिथेच रेंगाळतो, तिथे मेघवन वाढते. अँडीजच्या पूर्व उतारावर अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्याकडून येणारे बाष्प हे काम करते, नीलगिरीवर मुख्यतः अरबी समुद्राकडून येणारे.

अँडीजमधील पक्षी पाहण्यासाठी जगभरातून लोक जातात, कारण तिथे काहीशे मीटर चढले की पक्ष्यांचा संच बदलतो. चेन्नईच्या टी. नगरमध्ये राहणाऱ्या माणसाला हा अनुभव एका रात्रीच्या प्रवासावर आहे. मांबलम स्थानकावरून लोकलने पार्क, तेथून रस्ता ओलांडून सेंट्रल, रात्रीची नीलगिरी एक्स्प्रेस, पहाटे मेट्टुपाळयम आणि मग घाट. उटी सुमारे २,२४० मीटरवर आहे. म्हणजे निव्वळ उंचीच्या हिशेबाने चेन्नईपेक्षा तिथे सुमारे चौदा अंश कमी तापमान असायला हवे.

फेब्रुवारीतील एका शनिवारी आठ जणांचा एक गट याच वाटेने पक्षीनिरीक्षणासाठी गेला. त्यात टी. नगरमध्ये चाळीस वर्षे राहिलेल्या, जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक मराठी आजी होत्या आणि भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेली त्यांची नात होती. सोबत नीलगिरीतलाच एक तरुण वाटाड्या होता. निघण्यापूर्वी त्याने तीन नियम सांगितले. भडक कपडे नकोत, पायवाट सोडायची नाही आणि पक्ष्याला बाहेर काढण्यासाठी मोबाईलवर त्याचा आवाज लावायचा नाही. ध्वनिमुद्रित आवाज ऐकून पक्ष्याला आपल्या हद्दीत दुसरा नर आल्यासारखे वाटते, आणि खाण्यात किंवा पिलांची काळजी घेण्यात जायची शक्ती तो त्या नसलेल्या शत्रूवर उधळतो.

केर्न हिलच्या शोलावनात सकाळी धुके होते. 'शोला' हा शब्द तमिळ 'सोलै'वरून आला, त्याचा अर्थ उपवन. डोंगराच्या घड्यांमध्ये बसलेली ही ठेंगणी, शेवाळलेली, दाट वने आणि त्यांच्याभोवतीची उघडी गवताळ माळराने मिळून एकच परिसंस्था होते. अशा वनात पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो. वाटाड्या थांबे, मान किंचित वळवी आणि बोटाने झुडपाकडे दाखवी. थोड्या वेळाने तिथून चिलप्पन बाहेर येई किंवा शोलाकिळी सावलीतल्या सावलीत दोन उड्या मारून नाहीशी होई.

या दोन पक्ष्यांची गोष्ट भारतीय विज्ञानासाठी महत्त्वाची आहे. व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या जनुकांचा, आवाजांचा आणि रंगरूपाचा अभ्यास करून २०१७ मध्ये दाखवून दिले की हे पक्षी जगातील इतर कोणत्याही प्रजातीत बसत नाहीत. त्यांच्यासाठी 'शोलिकोला' आणि 'मॉन्टेसिंक्ला' ही दोन नवी प्रजातीनामे द्यावी लागली. शोलाकिळीच्या तीन जाती आणि चिलप्पनच्या चार. प्रत्येकीचा मुलूख वेगळा, आणि सीमारेषा बहुतेक ठिकाणी एखाद्या खोल दरीची किंवा खिंडीची.

त्यांतील सर्वांत मोठी सीमा म्हणजे पालघाट खिंड. रुंदी तीस-चाळीस किलोमीटर. उत्तरेला नीलगिरी, दक्षिणेला अनैमलै आणि पळनी. माणसासाठी ही खिंड म्हणजे सोय आहे. कोइम्बतूरहून केरळात जाणारा रस्ता आणि रेल्वे तिच्यातूनच जातात. गार हवेच्या पक्ष्यासाठी मात्र तीच भिंत आहे, कारण तिचा तळ दोन-तीनशे मीटरहून उंच नाही आणि तिथली हवा मैदानासारखी तापलेली असते. आपल्याकडचा शीळकरी कस्तूर महाबळेश्वरलाही शीळ घालतो आणि नीलगिरीतही. शोलाकिळी लाखो वर्षांत ही खिंड ओलांडून एकजीव राहू शकली नाही.

डॅनियल जान्झेन यांनी १९६७ मध्ये हे कोडे एका शोधनिबंधात मांडले होते. उष्ण कटिबंधातील डोंगरावर एकाच उंचीवरचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. त्यामुळे तिथल्या प्राण्यांना तापमानाच्या अरुंद पट्ट्यातच जगण्याची सवय होते. समशीतोष्ण प्रदेशातील प्राण्याने हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही सोसलेले असतात, म्हणून उंचीतील फरक त्याला तितका जड जात नाही. मीटरमध्ये उंची सारखीच असली, तरी उष्ण कटिबंधातील अडथळा त्या जीवासाठी अधिक उंच ठरतो.

"मग ऊन वाढलं तर हे जाणार कुठे?" आजींनी नातीला विचारले.

"वर, आजी. गार हवा वर सरकेल, तसे तेही सरकतील."

"आणि डोंगर संपला की?"

नातीकडे उत्तर नव्हते. त्याचे उत्तर पेरूमध्ये मिळते. सेर्रो दे पांतियाकोया या डोंगरधारेवर १९८५ मध्ये पक्ष्यांची काळजीपूर्वक गणना झाली होती. बेंजामिन फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याच वाटेने ती पुन्हा केली. मधल्या काळात तिथले तापमान अर्ध्या अंशापेक्षाही कमी वाढले होते. तरीही बहुतेक पक्षी वर सरकले होते आणि अगदी माथ्यावर राहणाऱ्यांपैकी काही जाती त्यांना आढळल्याच नाहीत. खालून येणाऱ्यांना वरची जागा मिळाली, वरच्यांना मात्र कुठलीच उरली नाही.

जागा गेली की काय उरते, हे टी. नगरला ठाऊक आहे. आज जिथे दागिन्यांच्या आणि साड्यांच्या दुकानांची रांग आहे, तिथे शंभर वर्षांपूर्वी एक लांबच लांब तलाव होता. १९२० च्या दशकात तो आटवून ही वस्ती वसवली गेली. पश्चिम मांबलममध्ये आजही 'लेक व्ह्यू रोड' आहे. नाव राहिले. तलाव गेला आणि त्याच्यावरची पाणपाखरेही गेली. त्या काळी कुणी किती पाहिली, याचा नियमित हिशेब हाती नाही, म्हणून गमावले किती तेही मोजता येत नाही. पांतियाकोयावर ते मोजता आले, कारण तिथे १९८५ ची यादी होती.

त्या सकाळी आणखी एक गोष्ट घडली. पायवाटेच्या वळणावर सगळे एकाएकी थांबले. वाटाड्याने हळूच विचारले, "अम्मा, केक्कुदा?" ऐकू येतंय का? आजींनी मान हलवली, नाही. दोन हातांवरच्या झुडपात काळा-नारिंगी माशीमार बारीक, उंच पट्टीत बोलत होता. सगळ्यांना ऐकू येत होता, आजींना नाही.

उतारवयात उंच कंप्रतेचे आवाज आधी जातात. अंतर्कर्णातील शंखाकृती नलिकेच्या तोंडाशी असलेल्या केसपेशी हे आवाज टिपतात आणि त्याच आधी निकामी होतात. सस्तन प्राण्यांत त्या पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांत मात्र उगवतात, असे १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. गाणारा आयुष्यभर ऐकतो, ऐकायला आलेला बहिरा होत जातो.

नातीने तो आवाज मोबाईलवर मुद्रित केला होता. संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत तिने तो निम्म्या वेगाने लावून इअरफोन आजींच्या कानांत दिले. वेग निम्मा केला की प्रत्येक कंप्रता निम्मी होते. आठ हजार हर्ट्झचा स्वर चार हजारांवर येतो. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे मागच्या दोन खेपांना मी यादीत हा नाही म्हणून लिहिलं, तेव्हा तो असेलही."

हे वाक्य शास्त्रज्ञांनीही वहीत लिहून ठेवावे असे आहे. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा २०२३ चा अहवाल सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. ९४२ जातींचा त्यात विचार झाला आणि १७८ जातींच्या संवर्धनाला अग्रक्रम द्यावा असे ठरले. अशा याद्यांत 'आढळला नाही' या शब्दांचे दोन अर्थ असू शकतात. पक्षी कमी झाला असेल किंवा कान. वर्षानुवर्षे तीच माणसे तीच वाट चालत असतील, तर हे दोन अर्थ वेगळे करण्यासाठी तरुण कान आणि जपून ठेवलेले ध्वनिमुद्रण हवे. माथ्यावरच्या पक्ष्याच्या बाबतीत दोन्हींकडून चूक महाग पडते. नसलेली घट दिसली तर पैसा आणि श्रम भलतीकडे जातात. असलेली घट दिसली नाही तर पक्षी.

विद्यार्थ्यांना यासाठी अँडीजला जाण्याची गरज नाही. जवळचा एखादा डोंगर निवडावा, दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच वाटेने जावे, उंची, वेळ आणि हवा लिहावी, आवाज मुद्रित करावेत, आणि काय पाहिले व काय केवळ ऐकले हे वेगळे नोंदवावे. पहिल्या वर्षी अशी वही निरुपयोगी वाटते. तिची किंमत तीस-बत्तीस वर्षांनी कळते.

आजींनी त्या रात्री वहीत नवा रकाना आखला आणि माशीमाराच्या नावापुढे लिहिले: 'एक. नातीने ऐकला. मी निम्म्या वेगाने.'