भिंतीवरचा हात

'ग्राफिटी' हा शब्द मराठी वाचकाला प्रथम भेटला तो बहुधा वृत्तपत्राच्या कोपऱ्यातील एका चौकटीत. शब्दांशी खेळणारे एखादे चटकदार वाक्य. सकाळच्या चहाबरोबर वाचावे, कुणाला तरी ऐकवावे आणि विसरून जावे. भिंत, रंग, रात्र आणि पाठीमागे धावणारा पोलीस यांचा त्या चौकटीशी काही संबंध नव्हता. आमचे ज्ञानही बरीच वर्षे तेवढ्यावरच थांबले होते. त्याला धक्का बसला तो गेल्या मे महिन्यात, सुट्टीला आलेल्या भाच्यामुळे. दुपारची जेवणे आटोपली की तो संगणकासमोर बसे आणि पडद्यावर पायांत चाके बांधलेला एक पोरगा कठड्यांवरून घसरत, छपरांवरून उड्या मारत, शहराच्या भिंती रंगवीत सुटे. "मामा, तुम्ही सारखे संहिता-संहिता म्हणता ना? मग ही एक वाचून बघा," असे म्हणून एके दिवशी त्याने कंट्रोलर आमच्या हाती दिला.

खेळाचे नाव 'जेट सेट रेडिओ'. सेगा या जपानी कंपनीच्या स्मायलबिट विभागाने तो घडवला आणि जून २००० मध्ये ड्रीमकास्ट या यंत्रासाठी तो जपानात प्रसिद्ध झाला. टोकियोवरून बेतलेले एक शहर, त्यातल्या गल्ल्या आपसांत वाटून घेतलेल्या तरुणांच्या टोळ्या, बेकायदा रेडिओ केंद्रावरून सारी कथा सांगणारा प्रोफेसर के, साऱ्या शहरावर मालकी सांगू पाहणारा एक उद्योगसमूह आणि पिस्तूल परजत येणारा कॅप्टन ओनिशिमा, असा हा संसार. दाट काळ्या बाह्यरेषा व सपाट रंग यांमुळे सारे दृश्य हाताने काढलेल्या चित्रकथेसारखे दिसते. हे तंत्र त्रिमितीय खेळांत रुजवणाऱ्या पहिल्या कृतींमध्ये याची गणना होते. हिदेकी नागानुमा यांच्या संगीताबद्दल तर आम्ही ऐकलेल्या खेळाडूंत दुमत नाही. दुमत आहे ते दुसऱ्याच एका गोष्टीवर, आणि त्या गोष्टीसाठीच हा लेख लिहायला घेतला.

खेळाचा गाभा साधा आहे. शहरभर विखुरलेले रंगाचे डबे गोळा करायचे आणि नेमून दिलेल्या जागी, प्रतिस्पर्धी टोळीच्या चित्रावर आपले चित्र काढायचे. छोटे निशाण एका बटणात उमटते. मोठ्या चित्रासाठी मात्र थांबावे लागते. पडद्यावर एकामागून एक खुणा येतात आणि त्यांप्रमाणे कंट्रोलरवरची छोटी दांडी अंगठ्याने फिरवायची असते: डावीकडून अर्धवर्तुळ, मग उलटे, मग पूर्ण वर्तुळ. रंगवणाऱ्याचा हात भिंतीवर जसा फिरावा तसा खेळणाऱ्याचा अंगठा फिरतो. तेवढ्यात पोलीस जवळ येत असतात, आणि वर कालमर्यादा असतेच. जितकी चित्रे पुरी होत जातात तितका बंदोबस्त वाढत जातो.

आमचे पहिले मोठे चित्र पुरे व्हायला सहा प्रयत्न लागले. कधी दांडी उलटी फिरली, कधी शिपायाने येऊन आपटले, आणि एकदा पाठीमागचा कॅमेराच भिंतीत शिरल्यासारखा झाला व आम्हांला आमचाच नायक दिसेनासा झाला. तेव्हा आमचे मत तयार झाले: खेळ दिसायला देखणा, हाताळायला वाईट. भाचा हसला. म्हणाला, "मामा, सगळ्यांचे पहिले मत हेच असते." आणि ते खरेच होते. कॅमेऱ्याबद्दलचा राग इतका जुना व सार्वत्रिक की २०१२ मध्ये खेळाची सुधारित आवृत्ती निघाली तेव्हा खेळाडूला कॅमेरा स्वतः फिरवण्याची सोय त्यात मुद्दाम करून देण्यात आली. ही तक्रार न्याय्य होती. तिच्याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो अंगठ्याच्या त्या फिरकीबद्दल. २००२ मध्ये एक्सबॉक्स यंत्रासाठी 'जेट सेट रेडिओ फ्युचर' हा पुढचा खेळ आला. त्यात शहर विस्तारले, गल्ल्या एकमेकींना जोडल्या गेल्या, घड्याळाची टांगती तलवार बव्हंशी दूर झाली. आणि चित्र काढण्यासाठी थांबणे, दांडी फिरवणे हेही गेले. धावता धावता बटण दाबावे, चित्र उमटते; मोठे असेल तर बटण अनेकदा दाबावे. भाच्याच्या एका मित्राकडे थोरल्या भावाचा जुना एक्सबॉक्स होता. तो घेऊन एका रविवारी ही मंडळी आमच्या दिवाणखान्यात जमली आणि आम्हांला एक परिसंवादच ऐकायला मिळाला.

दुसऱ्या खेळाच्या बाजूचे म्हणणे असे होते की पहिल्यात शहर पाहायला सवडच मिळत नाही. इतके सुंदर शहर उभे करायचे आणि खेळाडूला शेपटीला आग लागल्यासारखे पळवायचे, हा रसभंग. दुसऱ्यात भटकता येते, लय तुटत नाही, घसरणे-उडणे-रंगवणे हे एकच सलग वाक्य होते. पहिल्याच्या बाजूचे म्हणणे याच्या नेमके उलट. ती लय तुटते तिथेच तर चित्र सुरू होते. थांबल्याशिवाय, पकडले जाण्याची भीती पत्करल्याशिवाय भिंतीवर लिहिणे याला अर्थ काय? त्यांतला एक मुलगा, जो एरवी फारसा बोलत नव्हता, म्हणाला, "पहिल्यात मी चित्र काढतो. दुसऱ्यात चित्र येते." समीक्षेची पाच-पंचवीस पुस्तके आमच्या कपाटात आहेत, पण कर्ता आणि कृती यांच्या नात्यावर इतके नेमके विधान आम्ही बऱ्याच दिवसांत ऐकले नव्हते.

ग्राफिटीच्या इतिहासाकडे पाहिले तर त्या मुलाच्या बोलण्याला आधार सापडतो. जुलै १९७१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने 'टाकी १८३' या सहीबद्दल बातमी छापली. टाकी हे लाडके नाव, १८३ हा त्याच्या रस्त्याचा क्रमांक. निरोप्याचे काम करणारा हा तरुण शहरभर जाईल तिथे हे लिहीत असे, आणि त्याचे पाहून इतरांनीही आपापली नावे व क्रमांक लिहायला घेतले होते. त्या अक्षरांत सांगण्यासारखे काय होते? काहीच नाही. आशय इतकाच की इथे एक माणूस आला होता, उभा राहिला होता, त्याचा हात इथवर पोचला होता. उंच खांबावरची किंवा आगगाडीच्या डब्यावरची सही अधिक मोलाची ठरे ती तिथवर पोचणे अवघड म्हणून. तेथे खूण तिच्यामागच्या कृतीपासून सुटी काढून वाचताच येत नाही. पहिल्या खेळाच्या कर्त्यांनी हे ओळखले होते, असे आता आम्हांला वाटते.

इथे एक शंका प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. भिंत कुणाची? खेळातल्या शहरात सकाळी उठून आपली भिंत खरवडणारा घरमालक दिसत नाही. गडकिल्ल्यांच्या दगडांवर कोरलेली बदामातली नावे पाहून ज्यांचे पित्त खवळते त्यांत आम्हीही आहोत, आणि अवघड कड्यावर कोरले म्हणून ते नाव आम्हांला वंदनीय वाटणार नाही. हा प्रश्न खेळाबाहेरच्या जगानेही विचारला आहे. 'मार्क एकोज गेटिंग अप' हा ग्राफिटीवरचाच दुसरा खेळ २००६ मध्ये आला तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या वर्गीकरण पुनर्विलोकन मंडळाने त्याला प्रमाणपत्र नाकारले, म्हणजे तेथे त्याची विक्रीच थांबली. त्याआधी ऑगस्ट २००५ मध्ये, त्याच खेळाच्या निमित्ताने रस्त्यावर योजलेल्या चित्रप्रदर्शनाची परवानगी न्यूयॉर्क शहराने मागे घेतली होती. ती न्यायालयाच्या आदेशाने परत मिळाली. घरमालकाचा प्रश्न खराच आहे, आणि आमच्यापाशी त्याचे तयार उत्तर नाही. पण आशयाचा गोषवारा वाचून कृतीचा निकाल लावण्याची ही रीत साहित्याच्या माणसांना चांगली परिचित आहे. दिवाणखान्यातला मुलांचा वाद आम्हांला वेगळा वाटला तो एवढ्यासाठी की त्यांचे प्रत्येक मत हाताच्या अनुभवातून आले होते.

परिसंवाद संपता संपता आम्ही मास्तरांच्या थाटात निकाल दिला: पहिला खेळ श्रेष्ठ. दुसऱ्याने वाट सोपी केली आणि त्यात लिहिण्याची क्रियाच हरवली. रसिकाने कष्ट घेतल्याविना रस हाती येत नाही, वगैरे आणखी दोन-चार वाक्येही आम्ही बोललो असू. मित्र पांगले. चहाचे कप उचलता उचलता भाचा सहज म्हणाला, "मामा, रागावू नका. पण बारावीला मी मराठीच्या कविता वाचल्याच नव्हत्या. तुमच्या नोट्स वाचल्या. शंभरातले ऐंशी पडले."

त्या नोट्स आम्हीच त्याला मोठ्या प्रेमाने दिल्या होत्या. मध्यवर्ती कल्पना, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये, चार ओळींत आवडण्याचे कारण. अनेक वर्षे घासूनपुसून लखलखीत केलेले ते कागद कित्येक विद्यार्थ्यांच्या हाती गेले आहेत आणि त्यांबद्दल आमचे कौतुकही झाले आहे. कवितेपाशी थांबावे, तिची एखादी ओळ उलटी फिरावी, चुकावी, पुन्हा वाचावी, हे सारे आम्ही त्यांच्यासाठी आधीच उरकून ठेवले होते. बटण दाबावे, रसग्रहण उमटते. आम्ही भाच्यावर रागावलो नाही. रागवायला जागाच कुठे होती?

पुढे कळले की २०२३ मध्ये टीम रेप्टाइल या डच मंडळीने 'बॉम्ब रश सायबरफंक' हा खेळ केला. तो 'जेट सेट रेडिओ'चा वारसा उघडपणे सांगतो. नागानुमा यांचे संगीतही त्यात आहे. मोठ्या चित्रासाठी दांडी पुन्हा हाताने फिरवावी लागते, आणि ती ज्या क्रमाने फिरवाल त्यावर कोणते चित्र उमटेल हे ठरते. शहरातली मोकळी भटकंतीही कायम आहे. म्हणजे दोन्ही बाजूंचे म्हणणे कुणीतरी ऐकले म्हणायचे.

जूनमध्ये महाविद्यालय उघडले तेव्हा आम्ही नोट्सचा गठ्ठा घरीच ठेवला. पहिल्या तासाला फळ्यावर एक कविता लिहिली आणि मुलांना ती वहीत हाताने उतरवून घ्यायला सांगितली. नंतर विचारले, लिहिताना कुठे अडलात? वर्ग बराच वेळ गप्प राहिला. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, हे परीक्षेला येणार आहे का?" आम्ही म्हणालो, माहीत नाही. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली की तिसऱ्या ओळीत क्रियापद नाही, आणि लिहिताना तिचा हात तिथे आपोआप थांबला. त्या दिवशी तास तिसऱ्या ओळीवरच संपला. भाग पुरा झाला नाही, आणि वेळापत्रकाप्रमाणे तो कधी पुरा होईल, याची आम्हांला थोडी धास्तीच आहे.