सुरत्यांची गोष्ट

नारायणगाव, ता. जुन्नर
चैत्र

चि. सायली हिस,


तुझं पत्र मिळालं. इटलीतल्या मांतुआच्या मैफलीत पाच जण वाद्याशिवाय मॅड्रिगल कसे गायले आणि उत्तरार्धात मोंतेवेर्दी या जुन्या इटालियन संगीतकाराच्या ‘ऑर्फेओ’ या ऑपेरातला प्रवेश कसा रंगला, हे तू इतकं मनापासून लिहिलंयस की मी ते तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटी तू विचारलंस, “मामा, आपल्याकडे असं काही आहे का?” या प्रश्नाचं उत्तर तुझ्या आजोळीच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, त्या तू बाहेरून पाहिल्या आहेस. आत एक टेबल, चार-दोन खुर्च्या, मागे फडाच्या नावाचा नि मालकाच्या फोटोचा फलक, टेबलावर मॅनेजरची वही. आमच्या जुन्नर-आंबेगावची आणि लांबलांबच्या तालुक्यांतली यात्रा कमिटीची माणसं येऊन बसतात. वग कोणता लावणार, गण-गवळण नीट होणार ना, ढोलकीला कोण आहे, हे आधी विचारतात आणि मग आकड्यावर घासाघीस करतात. जमलं की विसार देऊन सुपारी पक्की होते आणि वहीत तारीख पडते. फडातल्या गायक, वादक, नाच्या, सोंगाड्यापासून तंबू ठोकणाऱ्या बिगाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या चुली त्या वहीवर पेटतात. म्हणून नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात.

आता गाण्याचं सांगतो. तमाशाच्या सुरुवातीला ढोलकी-हलगी कडाडते आणि माणसं गोळा होतात. मग गणपतीला आळवणारा गण, त्यानंतर कृष्ण, पेंद्या आणि मावशी यांची गवळण, बतावणी, लावण्या आणि शेवटी वग. वग म्हणजे रात्र सरेपर्यंत चालणारं गाण्यातलं नाटक. या सगळ्याचा कणा म्हणजे सुरत्ये. शाहीर पुढे उभा राहून गातो, मागे एकाच्या हातात तुणतुणं, दुसऱ्याच्या हातात मंजिरी. तुणतुण्याला एकच तार असते, पण तीच सगळ्यांचा सूर धरून ठेवते. शाहिराने ओळ संपवत आणली की सुरत्ये शेवटचा शब्द त्याच्या तोंडातून अलगद उचलतात, ‘जी जी रं’ करत वरच्या पट्टीत नेतात आणि बरोबर समेवर आणून सोडतात. याला झील धरणं म्हणतात. तेवढ्यात शाहीर दम घेतो आणि पुढची ओळ जुळवतो. एखाद्या जुन्या सुरत्याकडे नीट बघ. डावा हात कानावर, नजर शाहिराच्या ओठांवर. ओळ कुठे तुटणार, हे त्याला शाहिराच्या आधी कळतं.

तुझ्या मॅड्रिगलशी याचा फरक आहे, तोही नीट समजून घे. तिकडे पाच गळ्यांना पाच वेगळ्या चाली असतात आणि त्या एकमेकींत गुंफलेल्या असतात. आपल्याकडे चाल एकच; ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. पण दोन्हीकडे शब्द सर्वांत वर असतो. संगीताने शब्दांची चाकरी करावी, ही मोंतेवेर्दीची भूमिका त्याच्या भावाने 1607 मध्ये छापून मांडली होती. आपल्या शाहिराला ही गोष्ट कोणाला शिकवावी लागली नाही. मैदानात शेवटच्या रांगेत घोंगडी पांघरून बसलेल्या माणसाला शब्द कळला नाही तर वग तिथेच पडतो. ‘ऑर्फेओ’तलं जे अर्धं बोलणं, अर्धं गाणं तुला आवडलं, तसंच वगात शाहीर कथा सांगताना करतो.

‘ऑर्फेओ’ त्याच 1607 साली मांतुआच्या राजवाड्यात पहिल्यांदा झाला. सुट्या गाण्यांमधून तिथे गाण्यातलं नाटक उभं राहिलं. आपल्याकडे हे वळण 1865 च्या सुमारास आलं. उमा-बाबू सावळजकरांचा ‘मोहना बटाव’ हा पहिला वग मानतात. त्याआधी गण होता, गवळण होती, लावणी होती; त्यांना सलग कथा मिळाली ती वगात. पुढे व्हेनिसमध्ये 1637 मध्ये तिकीट काढून ऑपेरा पाहायची सोय झाली आणि कार्निव्हलच्या दिवसांत ऑपेराचा हंगाम ठरला. आपल्या तंबूच्या फडांचंही तिकीट असतं आणि हंगाम दसऱ्यापासून उन्हाळ्यातल्या यात्रा सरेपर्यंत चालतो.

मोंतेवेर्दीच्या पाठीशी मांतुआचा ड्यूक होता. पगार वेळेवर मिळत नाही म्हणून मोंतेवेर्दीने कळवळून पत्रं लिहिली, पण दरबार तरी होता. आपल्या फडांना राजा नव्हता. त्यांना गावच्या वर्गणीने जगवलं, आणि ज्या जातींना गावाने वेशीबाहेर ठेवलं त्यांनी ही कला सांभाळली. ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हे नाव फडाच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं जायचं. तमाशातल्या प्रसिद्ध कलावंत विठाबाई या त्यातल्या भाऊंच्या कन्या. 1935 मध्ये पंढरपूरला जन्मल्या आणि लहानपणीच बोर्डावर उभ्या राहिल्या. त्यांच्याबद्दल एक हकीकत गावोगाव सांगतात. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. कळा आल्या तशा कनातीमागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. लोकांना कळलं तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला सांगितलं. ही गोष्ट सांगताना लोक बाईच्या हिमतीवर बोलतात. मला मात्र तिला त्या अवस्थेत उभं राहावं लागलं, याचंच वाईट वाटतं. त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, तरी अखेरचे दिवस ओढगस्तीत गेले. 2002 च्या जानेवारीत त्या गेल्या. आता राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशातल्या ज्येष्ठ कलावंताला जीवनगौरव पुरस्कार देतं.

हे सगळं लिहिण्यामागे माझा एक हेतू आहे. ‘ऑर्फेओ’ची स्वरलिपी 1609 मध्ये व्हेनिसला छापली गेली. पुढे तो जवळजवळ तीनशे वर्षं कुणी गायला नाही, तरी विसाव्या शतकात लोकांनी ती छापील पानं उघडली आणि तो पुन्हा उभा केला. 1984 मध्ये रिनाल्दो अलेस्सांद्रिनी यांनी ‘कॉन्चेर्तो इतालियानो’ हा समूह काढला, त्याचंही काम अशाच छापील पानांवर चालतं. त्यांच्याकडे कागद होता आणि गळे नव्याने तयार करावे लागले. आपल्याकडे गळे आहेत, कागद नाही. वगाचे शब्द वहीत असतात, पण झील कुठेच लिहिलेली नसते. सुरत्या गेला की त्याची झील त्याच्याबरोबर जाते. 2020 आणि 2021 च्या यात्रा करोनाने बुडाल्या तेव्हा कित्येक कलावंत मजुरीला लागले, त्यातले सगळे परतले नाहीत. आता तर पुष्कळ ठिकाणी गण-गवळण आटोपती घेऊन थेट सिनेमाच्या गाण्यांवर येतात. यात दोष फडाचा कमी नि आमचा, सुपारी देणाऱ्यांचा जास्त. यंदा मी कमिटीत हट्टच धरला की गण, गवळण आणि वग पुरा झाला पाहिजे. आकडा थोडा वाढला, पण मंडळींनी मान्य केलं.

तू तिथल्या गायनवृंदात स्वरलिपी वाचायला आणि लिहायला शिकते आहेस. ते शिक्षण इथे फार कामाचं आहे. दिवाळीत येशील तेव्हा फड बाहेर पडलेले असतील. आपण दोन-तीन रात्री नीट ऐकू. सुरत्यांशी मी आधी बोलून ठेवतो. त्यांच्या वेळेचे पैसे आपण द्यायचे, ते मी बाजूला काढलेत. चांगला रेकॉर्डर घेऊन ये. गवळणीच्या दोन चाली आणि वगातली एक झील जरी नीट उतरली तरी काम सुरू झालं असं समजू. लिहिलेलं त्यांना गाऊन दाखव आणि ते “आता बरोबर” म्हणेपर्यंत दुरुस्त कर.

तिकीट काढलंस की लगेच कळव, म्हणजे मला फडाच्या मुक्कामाची गावं विचारून ठेवता येतील.

तुझा,
मामा